भांडी, दगड आणि माळ्यावरची अवजारं: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून सारखे येणारे प्रश्न

आमचं भांड्यांचं दुकान बेळगावात, शहापूर भागात आहे. आधी सासरे गल्ल्यावर बसायचे, आता मी बसते. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतं, फोन करून विचारतं, कुणी माळ्यावर सापडलेल्या वस्तूचा फोटो पाठवून "हे काय आहे?" म्हणून विचारतं. तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागल्यावर मी ते वहीत उतरवून ठेवले. त्यातले निवडक इथे देते आहे. माझं मत आधीच सांगते: घरातली चांगली अवजारं बहुतेक वेळा मोडली म्हणून टाकली जात नाहीत. ती नीट करून देणारा माणूस दारात यायचा बंद झाला, म्हणून ती अडगळीत जातात. म्हणून जिथे जमेल तिथे दुरुस्तीचंही लिहिलं आहे.

मी लग्न होऊन सातारकडून आले. बाजारात दुकानदार कन्नड नावं सांगतात आणि मला काहीच कळत नाही. कुठल्या वस्तूला काय म्हणतात?

महिनाभरात सवय होईल, तोवर एवढं पाठ करा. विळी म्हणजे ईळिगे, लाटणं म्हणजे लट्टणिगे, चाळण म्हणजे जरडी, रवी म्हणजे कडगोलु, सांडशी म्हणजे इक्कळ. रगड्याला किंवा उखळाला ओरळु म्हणतात आणि जात्याला बीसो कल्लु. कल्लु म्हणजे दगड. पाट म्हणजे मणे. परात दोन्हीकडे परातच, आणि आपली बोगणी तिकडे बोगुणी होते.

एका शब्दावर नवे लोक हटकून अडतात. तव्याला हंचु म्हणतात, पण घरावरच्या कौलालाही हंचुच म्हणतात. दोन्ही मुळात भाजलेल्या मातीचे, म्हणून एकच शब्द. तुम्ही "रोट्टी हंचु" म्हणा, म्हणजे घोटाळा होणार नाही. आणि संकोच करू नका. गोकाक-बैलहोंगलची माणसं आमच्याकडे येऊन मोडक्यातोडक्या मराठीत मागतात, तेव्हा आम्हाला आनंदच होतो. तिकडेही तसंच आहे.

नवीन संसार मांडतोय, पैसे मोजके आहेत. आधी काय घ्यावं?

कुकर, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा, मोठी परात, विळी, दगडी किंवा लोखंडी खलबत्ता, आणि एक बरा मिक्सर. दोरी ओढायचा चॉपर, रोटी मेकर, सॅंडविच टोस्टर हे सहा महिने थांबून घ्या. तेवढ्या दिवसांत आपल्या घरात खरोखर काय शिजतं ते कळतं. आप्पेपात्र मात्र लवकर घेतलंत तरी वाया जात नाही. डोशाचं उरलेलं पीठ दुसऱ्या दिवशी आप्प्यांना, म्हणजे कन्नडमधल्या पड्डूला, लागतंच.

कुकर घेताना काय बघावं? आणि किती शिट्ट्या कराव्यात?

कुकरवर आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा आकडा कोरलेला आहे का ते आधी बघा. घरगुती कुकरचं भारतीय मानक ते. मग झाकण लावून-काढून बघा. रबर सहज बसलं पाहिजे आणि झाकण डुगडुगता कामा नये.

शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बघा. पूर्ण दाबावर कुकरच्या आत साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असतं. पहिली शिट्टी झाली म्हणजे दाब भरला. त्यानंतर गॅस बारीक करून मिनिटं मोजायची. मोठ्या आचेवर सात-आठ शिट्ट्या केल्या तर वाफ बाहेर जाते, पाणी आटतं आणि डाळ तळाला लागते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना न उकळता साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या बायका "इथली तूरडाळ शिजतच नाही" म्हणतात, त्यात थोडा वाटा डाळीचा असेल, थोडा पाण्याच्या जडपणाचा, पण थोडा या उंचीचाही आहे. कुकरमध्ये हा फरक जवळजवळ नाहीसा होतो.

डाळ किंवा फेसाळणारं कडधान्य असेल तर कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. फेस वर येऊन शिट्टीच्या नळीत अडकतो. दर वेळी झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघायची. माझी आई कधीही हे चुकवत नसे.

बिडाचा नवीन तवा आणला. त्याला सगळं चिकटतंय. परत करू का?

परत करू नका, तवा अजून तयार झालेला नाही. गरम पाण्याने घासून धुवा आणि विस्तवावर पूर्ण कोरडा करा. मग कापडाने तेलाचा हात फिरवा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने ते तेल जवळजवळ सगळं पुसून काढा. इथेच बहुतेकांची चूक होते. तेल जाड राहिलं की तव्यावर चिकट डिंकासारखा थर बसतो. आता धूर येईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. असं पाच-सहा वेळा करा. तापलेलं तेल लोखंडाला घट्ट धरून कडक, काळा, गुळगुळीत थर बनवतं आणि त्यावरच पुढे घावनं सुटतात. शेंगतेल चालतं. जवसाच्या तेलाचा थर कडक होतो, पण कधी कधी त्याचे पापुद्रे निघतात, म्हणून मी शेंगतेलच सांगते.

पहिले आठ-दहा दिवस कांदा परतणं, घावनं, डोसे असं तेलातलं काम करा. टोमॅटो, चिंच, आमसूल त्यात शिजवू नका, आंबटाने थर उतरतो. गंज चढला तरी तवा मेला असं समजू नका. जाड मिठाने आणि काथ्याने घासा आणि वरचं सगळं पुन्हा करा. तव्याला तडा गेला असेल तर मात्र तो ठेवण्यात अर्थ नाही. बीड सहजासहजी वेल्डिंग धरत नाही, आणि धरलं तरी तापला की पुन्हा तिथेच फुटतो.

रोटी मेकरमध्ये ज्वारीची भाकरी का होत नाही? गव्हाची चपाती तर होते.

गव्हाच्या पिठात चिकट तंतू तयार होतात, त्यामुळे दाबलं तरी कणीक फाटत नाही. ज्वारीत ते नाहीत. तिथे चिकटपणा येतो तो गरम पाण्याने पीठ भिजवल्यावर थोडा शिजलेल्या पिठाचा. म्हणून उकळतं पाणी घालून, पीठ झाकून ठेवून, मग तळहाताने चांगलं मळून घ्या आणि गोळा आधी हाताने थोडा थापून मग यंत्रात ठेवा. कडा कमी फाटतात. पीठ जुनं असेल आणि त्याची विरी, म्हणजे जुळून यायचा चिकटपणा, गेली असेल तर कुठल्याही यंत्राने ते जुळणार नाही.

तरी माझं मत स्पष्ट आहे. भाकरी थापायचीच वस्तू आहे. अथणी-रायबागकडच्या बायका कडक रोट्टी अशी पातळ थापतात की ती महिनाभर टिकते, आणि त्यांच्याकडे साधन काय, तर लाकडी काठवट आणि हात. शिकायला आठ दिवस लागतात.

कल्हई म्हणजे नेमकं काय? ती खरंच लागते का, की जुनी समजूत आहे?

खरंच लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचा कोळ असं आंबट ठेवलं की धातू त्यात उतरतो. पदार्थ हिरवट, कडसर होतो, त्याला आपण कळकणं म्हणतो. कळकलेलं खाल्लं तर मळमळ आणि उलट्या होतात. कल्हई म्हणजे आतल्या बाजूने कथिलाचा पातळ थर. कथील आंबटाशी असं वागत नाही.

करताना बघितलं असेल तर विसरत नाही. कोळशाच्या भट्टीवर भांडं उपडं-उलटं फिरवत तापवतात, भाता चालू असतो. मग आत नवसागराची पूड टाकतात. भसकन पांढरा धूर येतो आणि धातूवरचा मळ सुटतो. लगेच कथिलाची कांडी टेकवतात, ती लोण्यासारखी वितळते, आणि कल्हईवाला कापसाच्या बोळ्याने ती दोन-तीन फेऱ्यांत सगळीकडे पसरवतो. काळंकुट्ट पातेलं त्या दोन फेऱ्यांत चांदीचं होतं. मग पाण्यात बुडवतात आणि चर्र आवाज होतो. आमच्या दुकानासमोर हे होत असे तेव्हा शाळेतून घरी जाणारी मुलं दप्तरं घेऊन तिथेच उभी राहायची.

रोजच्या वापराच्या भांड्याला साधारण सहा महिन्यांनी ते वर्षाने कल्हई लागते. तारखेपेक्षा रंग बघा. आत तांबूस किंवा पिवळा डाग दिसायला लागला की त्यात आंबट घालणं त्याच दिवशी बंद करा. तारेच्या घासणीने घासू नका, मऊ कापड आणि राख पुरते.

कथिलात शिसं मिसळलंय का ते कसं ओळखायचं?

कांडी हातात मागून घ्या आणि कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना बारीक करकर आवाज करतं. शिसं मुकं असतं. कांडीने कागदावर रेघ ओढून बघा, शिसं काळसर रेघ उमटवतं. भेसळ थोडी असेल तर या खुणांनी पूर्ण खात्री होत नाही, त्यामुळे ओळखीच्या, जुन्या कारागिराकडेच जाणं बरं. प्रामाणिक कल्हईवाला कांडी दाखवायला कधी नाही म्हणत नाही.

कल्हई केलेल्या भांड्यात रवा भाजला तर चालतो का?

नाही. कथील २३२ अंशांना वितळतं. पाणी असलेला पदार्थ तिथपर्यंत जात नाही, पण कोरडं भाजणं, कडकडीत तेलाची फोडणी, भांडं रिकामं गॅसवर विसरणं यांत ते तापमान सहज गाठलं जातं. माझ्याकडून एकदा पितळी पातेलं रिकामंच शेगडीवर राहिलं. पाच मिनिटांनी तळाला चंदेरी थेंब गोळा झालेले होते आणि बाकी सगळं पितळ उघडं पडलं होतं. फोडणी छोट्या लोखंडी पळीत करून वरून ओता.

आमच्या गावात कल्हईवाला येतच नाही. मग भांडी मोडीत घालायची का?

मोडीत घालू नका. एका घराच्या दोन पातेल्यांसाठी कुणी भट्टी पेटवणार नाही, हे त्याच्या बाजूने समजून घ्या. गल्लीतल्या सगळ्या घरांची मिळून वीस-पंचवीस भांडी गोळा करा आणि मग बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरच्या कारागिराला बोलवा. येळ्ळूरच्या एका महिला मंडळाने गणपतीआधी असं केलं, आणि आता तो माणूस दर वर्षी न सांगता येतो. तोपर्यंत ती भांडी धान्य, पापड, सांडगे ठेवायला वापरा.

तांब्याच्या तांब्यात रात्रभर पाणी ठेवलं तर कल्हई लागते का?

साध्या पाण्याला लागत नाही. त्यात लिंबू, मध-लिंबू, ताक घालू नका आणि रोज घासून कोरडं करा. आतला हिरवा थर दिसला तर चिंच-मिठाने घासून, भरपूर पाण्याने धुऊन मगच वापरा. आंबटाचं कारण वर कल्हईच्या प्रश्नात आहे.

पाट्याला, जात्याला टाकी लावणं म्हणजे काय? किती दिवसांनी लावावी?

दगड घासून गुळगुळीत झाला की वाटण वाटलं जात नाही, नुसतं घसरतं. जात्यातून पीठ जाड पडतं आणि ते ओढायलाही जड जातं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "जातं मुकं झालंय, टाकी घालून घ्या." कारण चांगल्या जात्याची घरघर वेगळीच असते. टाकी म्हणजे लहान पोलादी छिन्नी. तिने दगडावर जवळजवळ, एकसारखे खोलगट टिंब पाडतात. जात्यात हे टिंब आणि चरे मधून कडेकडे जातात, म्हणजे दळलेलं पीठ आपोआप बाहेर सरकतं.

टाकी लावणाऱ्या बाईला काम करताना मी जवळून बघितलं आहे. पाटा मांडीसमोर तिरका घेऊन ती एका कोपऱ्यापासून सुरुवात करते. हातोडीचा घाव हलका, पण थांबत नाही. डोळे बारीक केलेले, कारण कपच्या उडतात. मध्येच तळहात फिरवून बघते आणि जिथे हात घसरतो तिथे पुन्हा दोन घाव घालते. डोळ्यांपेक्षा ती हातावरच जास्त भरवसा ठेवते.

रोज वाटत असाल तर वर्षातून एकदा, एरवी दोन-तीन वर्षांनी टाकी लावावी. ओळख सोपी आहे. पाण्याचा हात फिरवा. तळहाताला खरखर लागली नाही तर वेळ झाली.

टाकी लावल्यावर लगेच वापरलं तर वाटणात कचकच लागते. काय करावं?

टाकी लावल्यावर दगडाची बारीक भुकटी भेगांत बसलेली असते. ब्रशने आणि भरपूर पाण्याने धुवा. मग पाट्यावर भिजवलेले तांदूळ किंवा जाड मीठ दोन-तीनदा वाटून टाकून द्या. जात्यात कोंडा किंवा हलका तांदूळ दळा आणि तेही टाकून द्या. जनावरालाही घालू नका. वाटलेलं बोटांत चोळून कचकच थांबली की घरचं दळायला घ्या. नवीन दगड आणला तरी हेच करायचं. कोइमतूरचे विजेवरचे रगडे आपल्याकडे खूप खपतात, त्यांच्या दगडांनाही पहिल्या दोन वेळा हेच लागू आहे.

मिक्सरमध्ये शेंगाचटणीचा गोळा होतो. आजी उखळात करायची ती मोकळी व्हायची. मिक्सर चांगला नाही का?

मिक्सर चांगलाच आहे, काम वेगळं आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, दाणा बारीक कापतं आणि गरम करतं, त्यामुळे सगळं तेल एकदम सुटून लगदा होतो. मुसळ दाणा चेपतं. थोडंच तेल सुटतं, तेवढंच तिखट-लसणाला धरून ठेवतं, आणि मध्ये मध्ये अर्धवट दाणे राहतात. जिभेवर चव लागते ती त्या अर्धवट दाण्यांमुळे.

मिक्सरमध्येच करायची असेल तर दाणे भाजून पूर्ण गार करा, सालं काढा. आधी लसूण, जिरं, जाड मीठ आणि तिखट फिरवून घ्या. दाणे शेवटी घालायचे आणि बटण उलटं, क्षणभर, थांबून थांबून फिरवायचं. आठ-दहा झटक्यांत थांबा. आणि घरात खलबत्ता असेल तर निम्मे दाणे त्यात कुटून मिसळा. ही चटणी आमच्या घरी अशीच होते आणि ताटात पहिली तीच संपते.

वाटताना मिक्सर एकदम बंद पडला. मोटार जळाली का?

बहुतेक वेळा जळालेली नसते. ताण आला की मोटार वाचवण्यासाठी आतला खटका पडतो. प्लग काढा, भांडं रिकामं करा, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. मिक्सर उलटा करा, खाली लाल बटण असतं ते दाबा. जळका वास आला असेल किंवा पुन्हा पुन्हा खटका पडत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

वर्षाचं तिखट डंकावर कांडावं की चक्कीतून काढावं?

कांडपाचं. डंकात लोखंडी मुसळं वरून पडतात, मिरची चेपली जाते, चक्कीइतकी तापत नाही. रंग आणि वास जास्त राहतो. मिरची कडक वाळलेली हवी, नाहीतर डंकात लोळा होतो. रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी असं मिश्रण आपल्याकडे चालत आलं आहे. किती तिखट झेपतं त्यावर प्रमाण ठरवा.

खानापूरचा माठ घेतला. उन्हाळ्यात पाणी गार होतं, जूनपासून होत नाही. माठ खराब झाला का?

माठ चांगला आहे, हवा बदलली आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हवेतच एवढा ओलावा असतो की वाफ व्हायला जागाच नसते. दिवाळीनंतर पुन्हा गार व्हायला लागेल.

ऐन एप्रिलातही गार होत नसेल तर छिद्रं बुजली असतील. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बाहेरून बसतो. काथ्याने घासा, साबण लावू नका, माती साबण पिते. एक दिवस उन्हात कोरडा करून पुन्हा भरा. बाहेरून रंग किंवा वॉर्निश दिलेले माठ दिसायला छान असतात, पण पाणी गार करत नाहीत. खानापूरची माती या कामासाठी नावाजलेली आहे, आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. शक्य असेल तर कुंभाराच्या दारातून घ्या. टिचकी मारून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. बदबद आवाज म्हणजे कुठेतरी चीर आहे.

मातीचं भांडं गॅसवर ठेवलं की तडकतं. काय चुकतं?

एकदम तापवणं किंवा तापलेल्यात गार पाणी ओतणं. नवीन भांडं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग त्यात तांदळाचं धुवण किंवा पेज मंद आचेवर उकळा. पिठाने बारीक छिद्रं भरतात. नंतर नेहमी आधी बारीक आच, वाटल्यास मध्ये लोखंडी जाळी. उतरवल्यावर ओल्या ओट्यावर ठेवू नका, लाकडी पाटावर किंवा चुंबळीवर ठेवा.

इंडक्शनवर कुठली भांडी चालतील?

तळाला लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर चालेल. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, माती चालत नाही. स्टीलचं चुंबक लावल्याशिवाय सांगता येत नाही. बिडाचा तवा उत्तम चालतो, पण सुरुवात कमी आचेने करा, एकदम मोठी आच दिली तर तो तडकू शकतो.

एअर फ्रायर घ्यावा का?

तो पंखा लावलेला छोटा भट्टीचा डबा आहे. पापड, शेंगदाणे, बटाट्याच्या फोडी, शिळे वडे कुरकुरीत करणं ही कामं छान करतो. पातळ पिठाची भजी त्यात होत नाहीत, पीठ जाळीतून गळतं. दोन माणसांचं घर असेल तर उपयोगी आहे, सात-आठ माणसांना एका खेपेत पुरत नाही.

माळ्यावर चार-पाच फुटांची फळी सापडली. तिच्यावर उभ्या बारीक खाचा आहेत. हे काय आहे?

तो शेवयांचा पाट आहे, कन्नडमध्ये शाविगे मणे. कृपा करून जाळू नका. फळीचं एक टोक उंचावर टेकवतात, दुसरं खाली. वर बसलेली बाई भिजवून कुटलेल्या पिठाचा गोळा तळहाताने खाचांवर दाबत घासते, आणि खालच्या टोकाला दोऱ्यासारख्या शेवया उतरतात. खाली बसलेली दुसरी बाई त्या बोटांवर झेलत, ओढत, तुटू न देता लांबवते. मग काठीवर वाळत टाकतात. एकटीचं काम नाही ते, म्हणून एप्रिल-मेमध्ये गल्लीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा जमायच्या.

खाचा बुजल्या असतील तर बांबूच्या टोकदार काडीने साफ करा, लोखंडी सळईने नको, खाच फाटते. शेंगतेलाचा हात देऊन सावलीत ठेवा. फळी वाकली असेल तर ती पुन्हा कामाला येणं कठीण, पण खाचा शाबूत असतील तर सुतार त्या बघून नवीन पाट करून देऊ शकतो.

पुरणयंत्र फिरतच नाही, दांडा वाकला. जोर कमी पडतो का?

पुरण गार झालं असेल. डाळ शिजवून, पाणी काढून, गूळ घालून आटवल्यावर गरम असतानाच यंत्रातून काढा. गार झालं की गूळ धरतो आणि पुरण दगडासारखं होतं. थोडं थोडं घाला. काम झाल्यावर जाळी लगेच गरम पाण्यात टाका, वाळलेलं पुरण सुईने काढावं लागतं.

आजीची पितळी मापं आहेत. एक शेर म्हणजे किती ग्रॅम?

याला एक आकडा नाही, कारण ते वजनाचं माप नव्हेच, ते आकारमानाचं आहे. शेरभर पोहे आणि शेरभर ज्वारी यांचं वजन सारखं कसं होईल? जुनी चढती अशी आहे: २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेर म्हणजे १ अडशेरी आणि २ अडशेऱ्या म्हणजे १ पायली. म्हणजे पायलीत ४ शेर. गावोगावच्या शेरात थोडाफार फरक असायचा.

तुमच्या मापाचं खरं मान काढायचं असेल तर ते काठोकाठ पाण्याने भरा आणि पाणी वजनकाट्यावर मोजा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग त्याच मापात तुमचा तांदूळ सपाट भरून वजन करा आणि मापाच्या तळाला चिठ्ठी चिकटवा. आजीच्या "दोन चिपटी तांदूळ, एक चिपटं उडीद डाळ" अशा पाककृती मात्र ग्रॅममध्ये बदलू नका. त्याच मापाने करा, प्रमाण चुकत नाही. वजनमापांचा नवा कायदा १९५६ साली झाला, तेव्हापासून विक्रीत ही मापं हळूहळू गेली, पण घरात वापरायला काहीच हरकत नाही.

बेळगावचे मांडे घरी करायचे आहेत. मोठी कढई गॅसवर उपडी घातली तर चालेल का?

हे करू नका. मांड्यासाठी कढई उपडी घालतात हे खरं, पण ती भट्टीवर किंवा चुलीवर, जिथे आगीला हवा यायला बाजूने जागा असते. घरच्या गॅसवर कढई उपडी टेकवली की ज्योत कोंडते, गॅस अर्धवट जळतो आणि विषारी वायू स्वयंपाकघरात साठतो. शिवाय बर्नर आणि बटणं तापतात.

परसात तीन दगडांची चूल मांडता येत असेल तर करून बघा. पिठी साखर, खवा आणि तुपाचं सारण भरलेली पोळी हातांवर पातळ पसरून कढईच्या पाठीवर घालतात, आणि उतरवल्याबरोबर, गरम आहे तोवरच घडी घालावी लागते. क्षणभर उशीर झाला की ती कडक होऊन मोडते. पहिल्या दहा मोडतील असं धरूनच पीठ भिजवा.

वाटणीत जात्याचा वरचा दगड थोरल्या दिरांकडे गेला, खालचा आमच्याकडे. लग्नघरात घाणा भरायला जातं हवंय. दुसरा दगड आणून जोडता येईल का?

जोडता येईल, पण तीन गोष्टी जुळायला हव्यात. दोन्ही दगडांचा घेर सारखा हवा, मधल्या खुंटीला वरच्या दगडाचं भोक नीट बसायला हवं, आणि दोघांचे टेकणारे पृष्ठ एकमेकांना मिळायला हवेत. जुने दगड वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जुळलेले असतात. तुमचा खालचा दगड मधे थोडा फुगीर झाला असेल तर वरचा तितकाच खोलगट असतो. नवीन सपाट दगड त्यावर डुगडुगेल आणि एका बाजूनेच दळेल. घाण्याच्या हळदीपुरतं निभावेल, धान्य दळायला चालणार नाही.

त्यापेक्षा लग्नापुरता दिरांकडून वरचा दगड मागून आणा. मधली लाकडी खुंटी बहुतेक कुजलेली असेल, ती सुताराकडून बाभळीची नवीन करून घ्या. खुंटाही ठोकून बघा. आणि टाकी लावणाऱ्या बाईला दोन्ही दगड एकाच दिवशी, एकाच अंगणात दाखवा. एकेक दगड वेगळा वेगळा दिला तर टाकी बसेल, जातं जुळणार नाही.